साडेपाचनंतर आवारात थांबण्यास मनाई

अंकासाठी टॉवेलच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी यादी केली. एकोणीस मुद्दे निघाले. परदेशातल्या एका हॉटेलवाल्याचं पत्र, की तुमचे टॉवेल फार पाणी शोषतात, त्यामुळे वाळायला वेळ लागतो, तर पुढच्या खेपेला जरा कमी शोषणारे पाठवा. लग्नात आहेर म्हणून वाटायला वधूवरांची नावं विणलेले चारशे नॅपकिन सांगून गेलेले आणि आठ दिवसांनी परत येऊन "नवरदेव बदललाय, तेवढंच नाव उसवून मिळेल का?" असं विचारणारे वधूपिता. नव्या मुलाचं नाव निदान त्याच अक्षरावरून सुरू होतं, ही त्यांच्या मते जमेची बाजू होती. असे एकोणीस.

यादी बायकोला दाखवली. सुनंदा म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली होती, ते लिहा."

"ती नोटीस मीच लिहिली होती."

"म्हणूनच."

तेव्हा एकोणीसही मुद्दे बाजूला ठेवून त्या नोटिशीबद्दल लिहितो. हॉटेलवाला त्यातून सुटला, याची थोडी रुखरुख आहे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, टॉवेल विणला की झालं. विणणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तो तपासणं, मोजणं, घडी घालणं, खोक्यात भरणं, खोक्यावर बरोबर नंबर टाकणं आणि कंटेनर वेळेत बंदरावर पोचवणं. बंदराचं फाटक ठरलेल्या वेळी बंद होतं. त्यानंतर पोचलेला टॉवेल कितीही उत्तम असो, तो लादी पुसायच्या लायकीचा. त्यामुळे डिस्पॅचवाल्याच्या हातात घड्याळ असतं, पण त्यात सुटायची वेळ नसते. मी सकाळी साडेसातला घर सोडायचो आणि रात्री साडेनऊला परत यायचो. अशी बावीस वर्षं.

माझ्या खिशात एक छोटी डायरी असते. सकाळी कामं लिहायची, झालं की काट मारायची, राहिलं तर दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवायचं. उतरवलेल्या कामापुढे आकडा टाकतो, म्हणजे ते कितव्यांदा उतरवलंय ते कळतं. कारखान्याचं काम कधी तीनच्या पुढे गेलं नाही. गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीला डायरी चाळताना एक ओळ दिसली: "मृण्मयीशी बोलणे. विषय: पुढचं शिक्षण." तिच्यापुढचा आकडा होता एकेचाळीस.

मृण्मयी आमची एकुलती मुलगी. तेव्हा नुकतीच बारावीला गेली होती. पुढच्या जुलैत ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. कोणी ठरवलं ते मला आठवेना, कारण ठरलं तेव्हा मी कारखान्यात होतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फाटक बंद व्हायची तारीख पक्की होती आणि मी अजून एकही खोकं भरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मला रोज साडेपाचला निघायचं आहे. त्यानंतर फोन घेणार नाही. संध्याकाळचा भार माझ्या हाताखालच्या यास्मिनकडे द्यावा. सकाळी तिला मुलांची शाळा असते, ती दुपारी बाराला येऊन रात्री थांबायला तयार आहे. या बदल्यात माझा पगार एक चतुर्थांश कापावा आणि त्यातून तिचा वाढवावा.

आमचे मालक म्हणजे अण्णा. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावले की दोन्ही. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"कुठल्या कारखान्यानं बोलावलं वो?"

"कुणी नाही, अण्णा."

"किती देतो म्हणाला?"

"कुणीच काही म्हणालं नाही. मला कमी हवाय."

"तेच विचारतोय. कमी म्हणजे किती वाढवू?"

बावीस वर्षांत मी सूतवाल्यांशी, ट्रकवाल्यांशी, खोकी बनवणाऱ्यांशी भाव केला आहे. उलटा भाव पहिल्यांदाच करत होतो. अण्णा दहा टक्के वर गेले. मी पंचवीस टक्के खालीच होतो. ते पंधरा चढले. मी हललो नाही. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हे बघ, आहे तेवढा घे आणि साडेपाचला जा. कोण विचारतंय बे तुला?"

इथे मी क्षणभर डगमगलो, हे कबूल करतो. पण फुकट मिळालेली संध्याकाळ अण्णांनी केव्हाही परत मागितली असती, आणि मी दिली असती. मला ती विकत हवी होती. तसं मी सांगितलं.

"लोक काय म्हणतील? बावीस वर्षांच्या माणसाचा पगार कापला अण्णानं! माझं नाव घालवायला निघालास तू." तासाभराने आम्ही दोघं दमून पाचव्या हिश्श्यावर थांबलो. अण्णांना वाटलं, त्यांनी मला वर ओढलं. ते खूश झाले.

खरी अडचण हिशेबखात्यात आली. कुलकर्णीबाईंनी संगणकावर माझं पान उघडून नवा आकडा टाकला. आकडा लाल झाला आणि जुना परत आला.

"कमी घेत नाहीये हो हा."

"त्याला सांगा, मी राजी आहे."

"त्याला राजीखुशी कळत नाही. कारण विचारतोय." पगार खाली आणायला त्या यंत्रात तीनच कारणं होती: निवृत्ती, मृत्यू आणि शिस्तभंग. पहिल्याला अवकाश होता. दुसऱ्याची माझी तयारी नव्हती.

"शिस्तभंग टाका," अण्णा म्हणाले.

"तसं टाकता येत नाही, अण्णा. आधी कारणे दाखवा नोटीस लागते. मग यांचा खुलासा. खुलासा असमाधानकारक असावा लागतो. आणि शिक्षेचं पत्रक नोटीसबोर्डावर लावावं लागतं."

कारखान्यात नोटिसा लिहायचं काम माझ्याकडेच आहे. मी कागद ओढला. मग आम्ही तिघं मिळून माझा गुन्हा शोधायला लागलो.

"चोरी?" अण्णांनी सुचवलं.

"नको. बरं दिसत नाही."

"मग उशिरा येणं."

"मी एकदाही उशिरा आलेलो नाही."

"मग उद्या ये की!"

मी प्रयत्न करतो म्हणालो, पण जमेल असं वाटत नव्हतं. तेवढ्यात हजेरीचे कागद चाळणाऱ्या कुलकर्णीबाई थांबल्या. "हे रोज रात्री नऊपर्यंत आवारात असतात. नियमावलीत कलम आहे, पाळी संपल्यावर परवानगीशिवाय आवारात थांबू नये. यांनी परवानगी घेतल्याची एकही चिठ्ठी नाही."

अण्णांचा चेहरा उजळला. "बावीस वर्षं रोज! केवढा मोठा गुन्हा केलास बे!"

नोटीस पाच मिनिटांत झाली. खुलाशाला वेळ लागला. मी दीड पान लिहून दिलं, मुद्देसूद, निर्यातीच्या वेळापत्रकासकट. कुलकर्णीबाईंनी वाचून परत केलं. "हे फारच समाधानकारक आहे. जरा वाईट लिहा." मी तीन शब्द लिहिले: "सवय झाली होती." अण्णांनी खाली "असमाधानकारक" असा शेरा मारून सही केली आणि संध्याकाळी नोटीसबोर्डावर माझ्याच अक्षरातलं पत्रक लागलं: पगारात एक पंचमांश कपात, आणि यापुढे साडेपाचनंतर आवारात थांबण्यास मनाई.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुतकी वातावरण होतं. घडी घालणाऱ्या बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. माझ्या टेबलावर कोणीतरी शेंगाचटणीची पुडी ठेवून गेलं, नाव न सांगता. फक्त शिवप्पाला दुःख झालं नाही. शिवप्पा आमचा फाटकावरचा वॉचमन, अक्कलकोटकडचा कानडी माणूस. त्याच्या लेखी बोर्डावर लागलेलं पत्रक म्हणजे अण्णांचा हुकूम आणि हुकमाला कारण नसतं. साडेपाचला तो काठी घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"होग्री साहेब, होग्री." म्हणजे निघा.

"दोन मिनिटं, शिवप्पा. एवढी यादी—"

"इल्ला, न्हाई. नोटीस हाय."

बावीस वर्षं मला कोणी कारखान्याबाहेर काढू शकलं नव्हतं. त्याने रोज काढलं.

गावाकडेही बातमी पोचली. आमचं गाव माळशिरसजवळ. थोरला भाऊ तिथे शेती बघतो. रविवारी सकाळी दादा एसटीने आला आणि चहा न घेता खुर्चीत बसला.

"पगार कमी मागितलास म्हनं?"

"हो."

"आरं, आपल्या बाळूच्या बायोडाट्यात तुजा पगार छापलाय की!"

बाळू म्हणजे त्याचा मुलगा, माझा पुतण्या. लग्नाचा होता. "माझा कशाला छापला?"

"मग कुनाचा छापू? पोराचा छापन्याजोगा आसता तर तुजा कशाला छापला आसता? दोनशे प्रती गेल्यात. पार अकलूजपातूर."

"पेनाने दुरुस्त कर."

"म्हंजी बगनारा म्हनंल, चुलता उतरनीला लागलाय." दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ दे छापलंय ते. पर बाळूचं लगीन हुईपातूर कुनाजवळ बोलू नगंस." बाळूचं लग्न मेमध्ये झालं, म्हणूनच हे लिहितोय. मुलीकडच्यांना हा अंक मिळाला तर त्यांनी रागावू नये. छपाई आधीची होती.

सुनंदाने मात्र एकच प्रश्न विचारला होता. "लवकर येऊन घरी करणार काय?"

"यादी केली आहे."

"मग ठीक," ती म्हणाली. पण ज्या स्वरात म्हणाली, तो मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मी सहाला दहा कमी असताना घरी पोचलो. त्याच दिवसापासून येणार, हे घरी सांगितलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार. दाराला कुलूप.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्याकडे माझ्या घराची किल्ली नाही. कधीच नव्हती. कुलूप घेतलं तेव्हा तीन किल्ल्या मिळाल्या होत्या. एक सुनंदाकडे, एक मृण्मयीकडे, एक अडीनडीला शेजारी. मला गरजच नव्हती. मी कायम शेवटी यायचो आणि दार आतून उघडलं जायचं.

सुनंदा संध्याकाळी बायकांचा योगवर्ग घेते. तेव्हा तिचा फोन बंद असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी शेजारची बेल वाजवली. शेजारी दोन वर्षांपासून कमलमावशी राहतात, मुलाकडे करकंबहून आलेल्या. त्यांचं नाव मी घरात ऐकलं होतं. भेट झालेली नव्हती.

"कोन पायजे?"

"मी समोरचा. आमची किल्ली तुमच्याकडे असते ना, ती हवी होती."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "समोर मृण्मयी ऱ्हाती. तिची आई ऱ्हाती."

"आणि तिचे वडील?"

"वडील हायत म्हनत्यात. मी काय बगितलं न्हाईत."

"मीच तिचा वडील."

"तसं कुनीबी म्हनंल की."

मी आधार कार्ड दाखवलं. मावशी आतून चष्मा घेऊन आल्या, फोटो उजेडात धरला, माझ्याशी ताडून पाहिला. "ह्यो कुनीतरी आजारी मानूस दिसतुय." कार्ड परत दिलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, "बरं, सांगा. मृण्मयी आत्ता कुटं गेलीया?"

"क्लासला."

"कसल्या?"

"केमिस्ट्रीच्या."

"आज मंगळवार. मंगळवारी मॅथ." मावशींनी मान हलवली. "वडील आसता तर ठावं आसतं."

दार बंद झालं. दोन मिनिटांनी पुन्हा उघडलं. मावशींनी पायरीवर एक पाट ठेवला आणि चहाचा कप दिला. "बसा. पोरगी इस्तवर बसा. चा प्या. पर चावी न्हाय मिळायची."

मी माझ्या घरासमोर परक्याच्या पाटावर बसून चहा प्यालो. चहा चांगला होता. खिशातून डायरी काढून लिहिलं: "किल्ली करून घेणे."

सहा वीसला मृण्मयी आली. मला पायरीवर पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. मी घरी आलोय."

"आत्ता?" तिने घड्याळ पाहिलं.

मावशी दारातून म्हणाल्या, "ह्येच का गं तुजे बाबा? नीट बगून सांग."

"हो मावशी, हेच." पण तिनेही क्षणभर नीट पाहिलं होतं, ते मला दिसलं.

घरात गेल्यावर मी डायरी उघडून तिच्यासमोर बसलो आणि विषय क्रमाने घेतले. पुढचं शिक्षण? ठरलंय. अडचण? नाही. काही मदत? नको. चाळीसहून जास्त दिवस उतरवलेलं काम चार मिनिटांत संपलं. तिने विचारलं, "झालं?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी ओळीवर काट मारली. इतकी खोटी काट मी आयुष्यात मारली नव्हती.

किल्ली करून देणारा माणूस माझ्या रस्त्यावरच बसतो. पहिल्या दिवशी तो दुकान आवरत होता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नमुन्याची किल्ली नव्हती. म्हणून रोज पाट, चहा आणि मावशींचे प्रश्न. त्यांना मी अजून पुरता पटलो नव्हतो. बुधवारी काय? फिजिक्स. वर्गात शेजारी कोण बसते? माहीत नाही. "मग काय बाप म्हनायचा!"

बहुधा चौथा दिवस असेल. मृण्मयी आली, कुलूप काढण्याआधी बूट काढायला माझ्या शेजारी पायरीवर बसली, आणि एक बूट हातात तसाच ठेवून सांगायला लागली. मॅथचे सर फळ्यावर लिहिता लिहिता स्वतःच अडकतात आणि मग खिडकीबाहेर बघत बसतात. शेजारी बसणारी सानिका रोज डब्यात तोच पराठा आणते, कारण तिची आई पुण्याला नोकरी करते आणि वडिलांना एकच पदार्थ येतो. मी विचारलं काहीच नव्हतं. डायरी खिशात होती. वीस मिनिटं ती बोलत होती. मग दार उघडून आत गेली आणि पुन्हा खोलीचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं. घरात ती बोलत नाही. पायरीवर बोलते.

त्या दिवसापासून "किल्ली करून घेणे" ही ओळ मी रोज पुढच्या पानावर उतरवू लागलो. नमुन्याला सुनंदाची किल्ली सहज मिळाली असती. दोन-तीनदा तिने स्वतःहून विचारलंही. मी म्हणालो, यादीत आहे.

आता जानेवारीतली ती संध्याकाळ, जी लिहायला मला आवडत नाही.

टॉवेलमध्ये सगळ्यात नाजूक गोष्ट रंग. एकच हस्तिदंती रंग दोन दिवशी रंगवला तर दोन माल तयार होतात. ट्यूबलाइटखाली ते जुळे भाऊ दिसतात, दिवसाच्या उजेडात सावत्र. हॉटेलच्या एकाच खोलीत असे दोन टॉवेल गेले की सगळा माल परत. म्हणून रंग दिवसाउजेडी जुळवायचा, हा माझाच नियम. त्या दिवशी पाचला यास्मिनने सांगितलं की दोन दिवसांचा माल मिसळलाय. कंटेनर दारात उभा होता.

"आप जाव ना साब," यास्मिन म्हणाली. "मी निवडते सगळं. उजेड आहे अजून."

मी जाणार नव्हतो. पण साडेपाच झाले आणि काठी टेबलापाशी आली. शिवप्पाने मला फाटकाबाहेर नेलं आणि आतून कडी घातली. मी रस्त्यावर उभा राहिलो. मग डोक्यात आलं की रस्ता हे काही आवार नव्हे. मी फाटकाच्या गजांतून हाक मारली आणि टॉवेल इथे आणून दाखवा म्हणालो. दोन बायका गजांपलीकडे एकेक टॉवेल दोन्ही हातांनी उंच धरून उभ्या राहायच्या आणि मी रस्त्यावरून ओरडायचो, "हा डावीकडे! हा उजवीकडे!"

एक स्कूटरवाला थांबला. "टॉवेल कसे दिले?"

"इकायचे न्हाईत," शिवप्पा आतून म्हणाला. "साहेबास्नी शिक्षा हाय."

उजेड गेला, रस्त्याचे दिवे लागले, तरी माझं चालू होतं. शेवटचं खोकं बंद झालं तेव्हा मी विजयी मुद्रेने घराकडे निघालो. पोचलो साडेसातला.

पायरीवर मावशी एकट्याच होत्या. पाट रिकामा होता.

"पोरगी आत्ता आत गेली. तासभर हितंच बसली हुती."

"पण तिच्याकडे किल्ली आहे."

"हाय की. मी बी तेच म्हनलं, आत जा, गारवा हाय. म्हनली, बाबा येतील." मावशींनी पाट उचलून भिंतीला टेकवला. "आज लई उतरल्यालं तोंड हुतं."

आत सुनंदा हळू आवाजात म्हणाली, "फिजिक्सचा पेपर वाईट गेलाय. मला काही सांगत नाही." पूर्वपरीक्षा सुरू होती. डायरीत तारीख होती. खोलीचं दार बंद होतं. मी दोनदा टकटक केलं. "झोपतेय," आतून आवाज आला. पावणेआठ वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला एक मिनिट कमी असतानाच फाटकावर हजर झालो. शिवप्पाला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. सहा वीसला मृण्मयी आली आणि बूट न काढता उभीच राहिली.

"खुलासा द्या," ती म्हणाली. नोटिशीची सगळी कथा, माझ्या तीन शब्दांच्या खुलाशासकट, मी तिला पायरीवर सांगितली होती.

"टॉवेलचा रंग जुळत नव्हता."

तिने हवेतच सही केली. "असमाधानकारक."

"मान्य आहे."

मग ती बसली. पेपर तिला सोडवता येत होता, पण पहिल्याच प्रश्नाला हात थरथरायला लागला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पुण्याला सगळे हुशारच असणार, तिथे रोज असं झालं तर? हे ती आदल्या दिवशी सांगणार होती. मी उपाय सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मावशी मागून म्हणाल्या, "तुज्या बापाचा बी आधार कार्डावर हात थरथरत हुता. चावी न्हाय मिळाली तरी बसला की न्हाय हितं?" मृण्मयी हसायला लागली. कशावर, ते मला नीट कळलं नाही.

आठवड्याने यास्मिनने मला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "साब, रागावू नका. त्या दिवशी मी साडेपाचच्या आधीच सगळं निवडलं होतं. तुम्ही दिव्याखाली तीन खोकी उलटी केली. तुम्ही गेल्यावर मी परत सरळ केली." मी तिचे आभार मानले. मग डायरीत "यास्मिनला विचारणे" या शीर्षकाखाली जी अकरा कामं होती, त्यांवर एकामागून एक काट मारली. बावीस वर्षांतलं किती काम असंच माझ्यावाचून झालं असतं, हा आकडा मी काढला नाही.

बारावी झाली, निकाल लागला, पुण्याचा प्रवेश झाला. जुलैत ती निघाली. सामानाची यादी मी केली होती. तिने स्वतःची वेगळी केली होती आणि तीच बरोबर होती. खाली रिक्षा थांबली होती, सुनंदा पिशव्या घेऊन पुढे गेली होती. मृण्मयी पायरीवर थांबली आणि तिने पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात आमच्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक तिने काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमची."

"ही कधी केलीस?"

"ऑगस्टमध्ये. तुम्ही पहिल्यांदा इथे बसला होतात ना, त्याच आठवड्यात."

"आणि अकरा महिने दिली नाहीस? खुलासा दे."

ती दोन पायऱ्या उतरली आणि मागे वळून म्हणाली, "सवय झाली होती."

शिवप्पा मला अजून साडेपाचला बाहेर काढतो. सहाला दहा कमी असताना मी घरी पोचतो, तेव्हा किल्ली खिशात असते. मावशी पाट ठेवतात.

"चावी हाय की आता. मग हितं कशापायी बसता?"

"सहा वीस व्हायचेत अजून."

सहा वीसला पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. तीही तेव्हा तिच्या हॉस्टेलच्या जिन्यात बसलेली असते. मागे मुलींचे आवाज असतात. परवा फोन वाजला तेव्हा मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला.

"थांबा. आदी मला बगू द्या, आपलीच हाय का ती." आणि मोठ्याने, "काय गं, आज कंच्या विषयाचा तास हुता?"

तिकडून उत्तर आलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बरोबर होतं, मला माहीत होतं. तेव्हा कुठे त्यांनी फोन माझ्याकडे दिला.